खालच्या मळीचा फोन

बाहेर लख्ख ऊन होतं आणि फोनवरचा माणूस सांगत होता की पाणी येतंय.

मी रिसीव्हर कानाला लावूनच खिडकीतून पाहिलं. एप्रिल महिना होता. कचेरीच्या आवारात जीपच्या सावलीत एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. आकाशात ढगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

“धरणावरनं बोलतोय,” तो माणूस म्हणत होता. “टेस्टिंग न्हवं ह्ये, खरं हाय. दारं उघडाय लागल्यात. खालच्या मळीतली समदी वर शाळंकडं चला. मागं काय ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या.”

त्याच्या पाठीमागे वारा घोंगावत होता. पत्र्यावर पाऊस पडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज होता. मग तो माणूस थांबला. पुन्हा बोलला तेव्हा त्याने आवाज खाली आणला होता.

“तात्या, म्हशींची दावी काप आन् तू वर ये. त्यांच्या मागं जाऊ नगंस. ऐकतोयस न्हवं?”

लगेच एका बाईचा घोटून गुळगुळीत केलेला आवाज आला, ‘निरोप ऐकला असल्यास एक दाबा.’ मी काहीच दाबलं नाही. यंत्राने थोडी वाट पाहिली आणि फोन कापला. मी रिसीव्हर जागेवर ठेवते न ठेवते तोच घंटी पुन्हा वाजली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच पहिल्या नोकरीला लागले होते. पुण्याच्या एका छोट्या कंपनीने मला त्या जिल्ह्याच्या पूरसूचना कक्षात पाठवलं होतं. काम साधं होतं. धरणाची दारं उघडायच्या आधी नदीकाठच्या वस्त्यांना फोन करणारं एक जुनं यंत्र होतं, ते नव्या सर्व्हरवर हलवायचं.

यंत्र म्हटलं तरी ते हातात धरता येण्यासारखं नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला व्हर्च्युअल अप्लायन्स म्हणतात. एखाद्या यंत्राचे सगळे प्रोग्रॅम, त्याची सेटिंगं, त्याला आठवत असलेलं सगळं काही एका मोठ्या फाइलीत बंद करून ठेवायचं. ती फाइल कुठल्याही सर्व्हरवर चालू केली की ती स्वतःला खरं यंत्र समजते आणि कामाला लागते. हे यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे आत हात घालायला कोणी धजत नव्हतं. जसंच्या तसं उचलायचं आणि जसंच्या तसं ठेवायचं, एवढाच मला हुकूम होता.

नवी जागा म्हणजे कंटेनर प्लॅटफॉर्म, अशी यंत्रं चालवणारी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था. त्याचा स्वभाव मला फार आवडायचा. त्याला आपण ‘हे चालू कर’ असं सांगत नाही, ‘असं एक हवं’ असं सांगतो. मग तो आपला मोजत राहतो. एक हवं, एक आहे ना? नसलं की त्याच फाइलीवरून दुसरं उभं करतो. शिवाय जे चालू आहे त्याला अधूनमधून ‘बरं आहेस का’ असंही विचारतो. उत्तर आलं नाही तर ते मेलं असं धरून त्याला काढून टाकतो आणि नवं आणतो.

आमच्या जुन्या यंत्राला हा प्रश्नच कळत नव्हता. ते बिचारं उठायचं, फोन लावायला लागायचं, प्लॅटफॉर्म तब्येत विचारायचा, हे गप्प राहायचं. मग ते मेलेलं ठरायचं आणि त्याच मूळ फाइलीतून दुसरं जन्माला यायचं. आधीच्याने काय केलं ते त्याला काही माहीत नसायचं. ते पुन्हा पहिल्यापासून फोन लावायचं.

हे दुरुस्त करणं अवघड नव्हतं. मी सुरुवातीलाच एक खबरदारी घेतली होती. यंत्र ज्या कुठल्या नंबरला फोन लावेल तो बाहेर न जाता माझ्याच टेबलावरच्या फोनवर वाजेल आणि मूळ नंबर तेवढा पडद्यावर दिसेल, अशी जोडणी केली होती. त्यामुळे कोणाची झोपमोड होणार नव्हती. मला कळत नव्हतं ते एवढंच, की कोणी काही न सांगता हे यंत्र फोन का लावतंय, आणि लावतंय तो नेहमी एकाच नंबरला का.

मुजावरमामा चहा घेऊन आले तेव्हा फोन स्पीकरवर होता. ते त्या कचेरीतले जुने शिपाई. पहिल्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे आणि मी जेवले का ते विचारायचे. त्या दिवशी ते कप हातात धरून तसेच उभे राहिले. निरोप संपेपर्यंत हलले नाहीत.

मग म्हणाले, “ह्यो आप्पासो.”

कोण आप्पासो म्हणून मी विचारलं.

“आप्पासो खोराटे. धरणावर हुता आपरेटर.” त्यांनी कप टेबलावर ठेवला. “मॅडम, त्यो भाईर बाकावर बसलाय.”

मी दार उघडून पाहिलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला लागून एक लांब बाक होतं. त्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, पन्नाशीचा एक माणूस दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. येता-जाता मी त्याला रोज पाहत होते. कोणाच्या तरी कामासाठी खोळंबलेला माणूस असेल, असं मला वाटलं होतं.

माझ्या पाठीमागे फोन पुन्हा वाजला. मामांनी तो घेतला. खोलीतून त्याचा आवाज आला, धरणावरनं बोलतोय, आणि समोर त्याचे ओठ मिटलेले होते. मला शास्त्राचं शिक्षण मिळालेलं आहे. जिवंत माणसाचा आवाज साठवता येतो आणि पुन्हा ऐकवता येतो, यात काही नवल नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी पुन्हा पुन्हा त्याच्या ओठांकडे पाहत होते. ‘तात्या’ हा शब्द आला तेव्हा बाकावरच्या माणसाने मान वळवून सावकाश आमच्या दाराकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.

मामांनी मग मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात परतीच्या पावसाने धरण अचानक भरलं होतं आणि भरदुपारी दारं उघडावी लागली होती. नदीकाठच्या इतर गावांना तहसीलची माणसं पोचली. खालची मळी म्हणजे अगदी पात्रालगतची पाच-पंचवीस घरं. ती फक्त फोनच्या भरवशावर होती, आणि त्यांना फोन गेला नाही. पाणी डोळ्यांनी दिसलं तशी माणसं पळाली. एकजण राहिला. तात्या खोराटे, आप्पासोचा सख्खा थोरला भाऊ. तो गोठ्यात म्हशी सोडवायला गेला होता.

आप्पासो पहिल्यापासून सांगत होता की मी निरोप दिला, माझ्या तोंडाने बोलून दिला, आणि यंत्राने ‘स्वीकारला’ असं उत्तरही दिलं. पण यंत्रात त्याच्या निरोपाचा मागमूस नव्हता. चौकशी समितीने यंत्र तपासलं आणि हलगर्जीपणाचा ठपका त्याच्यावर ठेवला. तेव्हापासून तो निलंबित. नियमाप्रमाणे त्याने रोज मुख्य कचेरीत येऊन हजेरी द्यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. त्याला काम द्यायचं नव्हतं, म्हणून बाक. येत्या सोमवारी समितीचा शेवटचा निर्णय होता. तो काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

“पर नोकरीचं त्याला कायबी न्हाई,” मामा म्हणाले. “बायडाक्का त्याला दारात उभी करत न्हाई. तात्याची बायकू. आई लहानपनी गेली ह्याची, तिनंच वाढवलाय त्याला. ती म्हनती, भाऊ मारलास त्यो मारलास, वर खोटं बोलतोस.”

तेवढ्यात तेरदाळकर साहेब आत आले.

तेरदाळकर साहेब त्या कक्षाचे उपअभियंता होते, निवृत्तीला आलेले. ते मला बाळ म्हणायचे. सर्व्हरची खोली त्यांनी देवघरासारखी ठेवली होती. तिथे चप्पल घालून कोणी जायचं नाही, केबल एकही लोंबकळायची नाही, दर सोमवारी ते स्वतः फडकं घेऊन कपाटं पुसायचे. त्यांनी निरोप एकदाच ऐकला. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की हा आप्पासोचाच उद्योग आहे. त्याला जुना पासवर्ड माहीत असणार. निर्णय तोंडावर आला, म्हणून आता निरोप घुसवतोय. समितीला कळवलं की त्याचा निकाल तिथल्या तिथे लागेल.

मी म्हटलं की हे होऊ शकत नाही. यंत्र सकाळपासून माझ्या ताब्यात होतं. बाहेरून आत यायला त्याला एकही वाट ठेवलेली नव्हती आणि बाहेर जायला टेबलावरचा हा एक फोन.

त्यांनी थोडा विचार केला. ते हटवादी नव्हते. “मग इमेज बिघडली असेल,” ते म्हणाले. “पुसून टाक. मी तुला दुसरी कॉपी देतो. आणि हे बाहेर कुणाकडे बोलू नका, उगाच त्या माणसाच्या डोक्यात आशा भरेल.”

यंत्राच्या मूळ फाइलीला आम्ही इमेज म्हणतो. पुसून टाकायला मला कितीसा वेळ लागला असता? पण कारण न कळता काही पुसायचं माझ्या जिवावर येतं. शाळेपासून तसंच. मी त्यांच्याकडे तासभर मागून घेतला.

त्यांनी दिलेल्या फोल्डरमध्ये दोन फाइली होत्या, एक भलीमोठी आणि एक लहान. मी मोठी घेतली होती. यंत्र म्हणजे मोठी फाइल, हे कोणीही धरून चालेल. आता नीट पाहिल्यावर त्या दोघींचं नातं कळलं. यंत्रावर काही जोखमीचं काम करायचं असलं की आधी त्याचा स्नॅपशॉट काढतात. तो काढला की मूळ फाइल त्या क्षणाला गोठते. त्यानंतरचं सगळं दुसऱ्या फाइलीत साठत जातं. म्हणजे मी चालू केलेलं यंत्र हे आजचं यंत्र नव्हतंच. ते कोणीतरी स्नॅपशॉट काढला त्या क्षणाचं यंत्र होतं, आणि प्लॅटफॉर्म त्याला दर वेळी त्याच क्षणात जागं करत होता. मी त्या फाइलीवरची शेवटची तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मामांना ती तारीख दाखवली तेव्हा ते म्हणाले, हीच. तात्या गेला तो दिवस.

मी साहेबांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही यंत्राचा स्नॅपशॉट काढला होता का.

त्यांचा चेहरा उजळला. अशी बारकाईने चौकशी करणारं कोणी त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

“त्या दिवशी खंडेनवमी,” ते म्हणाले. “आमच्याकडे दरवर्षी असतो तो कार्यक्रम. बाकीच्या कचेऱ्यांत काय करतात, की-बोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं की झाली पूजा. मी तसं करू देत नाही. शेतकरी नांगर धुऊन पुसून मग पूजतो की नाही? मग आपलं हत्यार घाणेरडं कसं बसवायचं पूजेला?”

मी विचारलं की यंत्र धुतात कसं.

“आधी स्नॅपशॉट. म्हणजे सफाईत काही बिघडलं तर मागे येता येतं. मग आतून साफ करायचं. जुन्या नोंदी, तात्पुरत्या फाइली, अडकून पडलेले निरोप, सगळं काढायचं. अगदी कोरं. मग बंद करायचं, कपाटाला हळदकुंकू, हार, आरती, प्रसाद. आणि मग पुन्हा चालू.”

“फोनची लाइन कधी बंद करता?”

“ती सगळ्यात आधी. नाहीतर सफाई चालू असताना मध्येच एखादा फोन...”

ते थांबले.

बाहेर फोन लावायची लाइन बंद होती, पण धरणाकडून निरोप घेणारं यंत्र अजून जागं होतं. धरणावरून आप्पासोने निरोप दिला तेव्हा त्याने तो घेतला आणि ‘स्वीकारला’ असं उत्तर दिलं. लाइन नाही म्हणून तो बाजूला ठेवला. स्नॅपशॉट त्यानंतर निघाला. त्या यंत्राची बनावटच तशी होती. वीज गेली, लाइन गेली, काही झालं तरी राहिलेले फोन पुन्हा उठल्यावर आधी पुरे करायचे. आरती झाली की ते उठलं असतं आणि त्याने पहिला फोन यादीतल्या पहिल्या नंबरला, म्हणजे तात्याला, लावला असता. पाणी मळीपर्यंत यायला तेवढा अवधी होता. पण उठण्याआधी त्याला कोरं केलं होतं. निरोप फक्त स्नॅपशॉटमध्ये राहिला, आणि समितीने यंत्र तपासलं ते पूजेनंतरचं.

“अडकलेले निरोप नेहमी टेस्टिंगचे असायचे,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “कधीच काही खरं नसायचं त्यात. मी उघडून बघत नसे.”

फोन वाजतच होता. मामांनी तो उचलून स्पीकरवर टाकला. ते त्यांनी मुद्दाम केलं की सवयीने, मला अजून सांगता येत नाही. साहेब उठले. त्यांनी खिशातून सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढली. व्हरांड्यातून ते गेल्याचा, चपला काढल्याचा, दार उघडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

“तात्या, म्हशींची...” फोन म्हणाला, आणि मुका झाला.

नुसती सूं अशी शांतता. मामा माझ्याकडे बघत होते. माझ्या पडद्यावर दोन आकडे असायचे, वर ‘हवे’ आणि खाली ‘चालू’. वरचा एक होता. खालचा शून्य झाला होता. साहेबांनी आत जाऊन यंत्र मारलं होतं. इमेजही पुसली का ते इथून दिसत नव्हतं, आणि दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती. व्हरांड्यातला तो माणूस सोमवारी खोटारडा ठरणार की नाही, हे त्या खालच्या आकड्यावर होतं. मी त्याच्यावरून डोळे हलवले नाहीत.

खालचा शून्य एक झाला.

साहेब परत आले. ते अनवाणीच होते. खुर्चीवर बसताहेत तोच फोन वाजला.

“मी बंद केलं ते,” ते म्हणाले.

“हो.”

“मग?”

“एक हवं असं सांगून ठेवलंय, साहेब. ते गेलं की दुसरं उभं राहतं.”

“आणि ते घालवलं तर?”

“तर तिसरं.”

ते फोनकडे बघत राहिले. घंटी चालूच होती. या खेपेला त्यांनी स्वतः रिसीव्हर उचलून कानाला लावला. खोलीत आता काही ऐकू येत नव्हतं. निरोप मला पाठ झाला होता, त्यामुळे तो कुठवर आला हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी ते हलक्या आवाजात, समोर कोणी बसल्यासारखं म्हणाले, “ऐकतोय.”

मग त्यांनी एक दाबला.

फोन कापला गेला आणि पुन्हा वाजला. पडद्यावर नंबर बदललेला होता. यंत्राने तात्याच्या पुढचं घर घेतलं होतं. साहेबांनी तो निरोप ऐकला आणि एक दाबला. मग त्याच्या पुढचं घर. ते एकदाही घाईने दाबत नव्हते. दर वेळी तात्याला मारलेली हाक संपेपर्यंत थांबायचे. प्लॅटफॉर्मने मध्येच त्याला मारू नये म्हणून मी तब्येत विचारणं बंद करून टाकलं. खालची मळी संपेपर्यंत मामा दाराला टेकून उभे होते. शेवटच्या घरानंतर बाईचा आवाज म्हणाला, निरोप पूर्ण झाला. आणि यंत्र शांत झालं.

साहेब उठून व्हरांड्यात गेले. मी दारातून पाहिलं. ते बाकावर आप्पासोच्या शेजारी बसले होते, दोघंही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. साहेब बराच वेळ बोलत होते. मला वाटलं आता तो माणूस उठेल, ओरडेल, निदान मान तरी वळवेल. तो तसाच बसून होता. साहेब परत आले तेव्हा मी विचारलं की तो काय म्हणाला. त्याने एकच विचारलं होतं, वैनीला ऐकवता येईल का.

साहेबांनी समितीला त्याच संध्याकाळी लिहून कळवलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. त्यांची निवृत्ती चौकशीत गेली. आप्पासोला कामावर घेतलं. हे सगळं पुढे महिन्यांनी, कागदोपत्री. मला आठवतो तो दुसरा दिवस.

बायडाक्कांना साहेबांनी स्वतः जीप नेऊन आणलं. त्यांनी नऊवारी लुगडं नेसलं होतं, कपाळ मोकळं होतं आणि चपला त्यांनी न सांगताच दाराबाहेर काढल्या. मी खुर्ची दिली. त्या तिच्या कडेवर बसल्या. आप्पासो खोलीत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

साहेब उभं राहून बोलले. त्यांनी काही झाकलं नाही. लाइन मी बंद केली, निरोप मी पुसला, तुमच्या दिराने तो दिला होता.

“पूजेपायी?” बायडाक्कांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “आमीबी त्या दिवशी खुरपी घासून पुजली हुती,” त्या म्हणाल्या. एवढंच. ही क्षमा होती की आरोप, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

मी यंत्र चालू केलं. फोन वाजला. पडद्यावर त्यांच्या नवऱ्याचा नंबर आला. त्यांनी रिसीव्हर उलटा धरला, मामांनी तो नीट करून दिला. त्यांना तो आवाज ऐकताना बघणं मला जमेना, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. निरोप संपल्यावर त्यांनी रिसीव्हर मांडीवर ठेवला. मी तो घेऊन जागेवर ठेवला. फोन पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उचलला नाही.

“त्यो आला नसता,” त्या म्हणाल्या.

आम्हांला कोणाला काही कळलं नाही.

“ऐकून बी आला नसता.” त्या फोनशी बोलल्यासारखं बोलत होत्या. “दावी काप म्हनं. नवीकोरी हुती दावी, दसऱ्याला आनल्याली. कापील व्हय त्यो? एकेक गाठ सोडवीत बसला असता. मी हाका मारल्या न्हवं वरनं. मला म्हनला, आलोच.”

दारातून आप्पासो काहीतरी बोलायला गेला. त्याच्या तोंडून ‘वैनी’ एवढं निघालं आणि पुढचं राहिलं.

फोन वाजत होता. बायडाक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

“ह्यो आजून किती येळ वरडत ऱ्हानार?”

“आपण बंद करेपर्यंत,” मी म्हटलं.

“मंग करा की बंद. दोन वर्सं झाली, घसा सुकला असंल त्याचा.”

ती इमेज समितीसाठी मी रात्रीच वेगळी नकलून ठेवली होती, त्यामुळे अडचण नव्हती. मी पडद्यावर ‘हवे’ या शब्दापुढचा एक काढला आणि तिथे शून्य लिहिलं. घंटी अर्ध्यावर तुटली. मला पक्कं माहीत होतं की आता काही वाजणार नाही. तरी मी फोनकडे बघत राहिले. साहेब, मामा, सगळेच बघत होते.

“परत न्हाई न्हवं येनार?” आप्पासोने दारातून विचारलं. त्याचा प्रत्यक्ष आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. फोनवरच्यापेक्षा तो बारीक होता.

“नाही,” मी म्हटलं.

बायडाक्का उठल्या. पदर सारखा केला, साहेबांच्या समोरून दाराशी गेल्या आणि चपला पायात घालता घालता खाली बघूनच म्हणाल्या, “जेवलायस का सकाळधरनं?”

त्या कोणाशी बोलताहेत हे त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने नाही अशी मान हलवली.

“चल मंग.”